निदानाचे मोल



दिवाळीनंतरच्या एका रविवारी माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, गोंदियाहून मुर्रीला आमच्या घरी आले. त्यांची गोंदियात राइस मिल आहे. चहा झाला, मुलाबाळांची विचारपूस झाली आणि मग त्यांनी खिशातून घडी केलेले एक बिल काढून माझ्यापुढे ठेवले. म्हणाले, "जन्मभर बँकेत तुम्ही दुसऱ्यांचे कागद तपासलेत. आता हा एक आमचा तपासा."

बिल भाच्याच्या मोटारीचे होते. नागपूरच्या एका लहानशा, स्वतंत्र गॅरेजचे. त्यात चारच ओळी होत्या. रबरी नळी व झडप २,३५० रुपये, क्लॅम्प १५० रुपये, मजुरी १,८०० रुपये आणि चौथी ओळ 'निदान शुल्क ४,५०० रुपये'. एकूण ८,८०० रुपये. भाऊजींचे बोट त्या चौथ्या ओळीवर टेकलेले होते. "अडीच हजारांचा माल आणि तो शोधण्याचे साडेचार हजार! असा व्यापार कुठे असतो? मी मुलाला सांगितले आहे, यातले निम्मे दे आणि विषय संपव."

मोटार दुरुस्त होऊन घरी आली होती. मिस्त्रीने विश्वासावर किल्ली दिली होती. पैसे मात्र अजून गेले नव्हते. योगायोगाने त्या दिवशी मी भाच्यासोबत त्या गॅरेजात सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसलो होतो. त्यामुळे चौथ्या ओळीचा हिशेब देण्याचे काम माझ्याकडे आले. त्या रविवारी बोलता बोलता जे सांगितले, ते आज जरा सविस्तर मांडतो. कारण आपल्या व्यापारी घरांत हा प्रश्न मोटारीच्या, यंत्राच्या किंवा वैद्याच्या निमित्ताने कधी ना कधी येतोच.

आधी मोटारीविषयी. भाच्याने हौसेने घेतलेली ही गाडी २००५ सालची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे. चेकोस्लोव्हाकियाच्या जुन्या कारखान्याचे नाव, जर्मन घराण्याचे इंजिन आणि जोडणी आपल्या महाराष्ट्रातली, असा तिचा त्रिवेणी संगम. औरंगाबादजवळच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथे २००१ साली स्कोडाचे उत्पादन सुरू झाले आणि २००४ मध्ये ही आरएस भारतात आली. १.८ लिटरचे टर्बो इंजिन, प्रत्येक सिलिंडरला पाच याप्रमाणे एकूण २० व्हॉल्व्ह आणि १५० अश्वशक्ती. रूप घरगुती गाडीचे, स्वभाव शर्यतीच्या गाडीचा.

युरोपीय मोटारींशी आपल्या राज्याचे नाते फार जुने आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून इटलीच्या फियाट गाड्या बाहेर पडू लागल्या. फियाट ११०० हीच पुढे 'प्रीमियर पद्मिनी' झाली. आपल्यापैकी अनेकांच्या वडिलांची पहिली गाडी तीच होती. त्या गाडीचे निदान डोळ्यांनी व कानांनी होत असे. स्पार्क प्लग काढून त्याचा रंग पाहायचा. काळा व काजळलेला असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरका असेल तर पेट्रोल कमी, विटकरी-तपकिरी असेल तर सारे ठीक. मिस्त्री एक स्क्रू फिरवी, इंजिनचा आवाज ऐके आणि हात पुसत बाजूला होई.

नव्या गाड्यांत तो स्क्रू उरला नाही. त्याचे काम संगणक करतो. इंजिनात किती हवा आली हे एक सेन्सर मोजतो, जळून बाहेर पडलेल्या धुरात प्राणवायू किती उरला हे दुसरा सांगतो आणि या दोन साक्षींवरून संगणक पेट्रोलचे प्रमाण ठरवतो. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी त्याच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण फार बिघडले की डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि संगणकात एका कोडची नोंद होते. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला की तो कोड वाचता येतो. युरोपात पेट्रोल गाड्यांना ही व्यवस्था २००० सालाच्या सुमारास सक्तीची झाली, भारतात २०१० पासून टप्प्याटप्प्याने.

भाच्याच्या गाडीत हाच दिवा लागला होता. सकाळी गार इंजिन थरथरे, सिग्नलला उभी असताना चाल वरखाली होई आणि पेट्रोलही जास्त लागे. पहिल्यांदा तो ज्या गॅरेजात गेला, तिथे स्कॅनर लावून दोन मिनिटांत कोड वाचला गेला : पी-०१७१, म्हणजे 'मिश्रणात पेट्रोल कमी'. धुरातला प्राणवायू मोजणारा ऑक्सिजन सेन्सर बदलला गेला, १४,२०० रुपये. दिवा आठवड्याने पुन्हा लागला. मग हवा मोजणारा सेन्सर बदलला, १७,७०० रुपये. दिवा पुन्हा लागला. मग पेट्रोलचा पंप, २६,५०० रुपये. तीन महिन्यांत ५८,४०० रुपये गेले आणि दिवा जिथल्या तिथे. त्या गॅरेजने लबाडी केली असे मी म्हणणार नाही. त्यांनी कोड म्हणजेच निदान असे मानले, एवढीच त्यांची चूक.

ही चूक मला चांगली ओळखीची वाटली. बँकेत खाते अनियमित झाले की आमच्याही संगणकावर तशी खूण उमटे. हप्ता थकून नव्वद दिवस झाले की खाते अनुत्पादक ठरे. परंतु ती खूण का उमटली, हे संगणक सांगत नसे. कोणाची उधारी अडकलेली असे, कोणी खेळते भांडवल घरबांधणीत घातलेले असे, कोणाच्या घरी आजारपण असे, तर कोणाचा भागीदारच हात मारीत असे. खूण एकच, कारणे दहा. केवळ खूण पाहून उपाय करणारा अधिकारी चांगले खाते बुडवतो.

आता नागपूरच्या त्या दिवसाकडे येतो. मिस्त्री चाळिशीचा, मितभाषी. त्याने प्रथम भाच्याला बसवून पंधरा मिनिटे केवळ प्रश्न विचारले. थरथर गार असताना जास्त की गरम झाल्यावर? चढावर जोर कमी पडतो का? पेट्रोल भरल्यावर लगेच फरक जाणवतो का? उत्तरे त्याने वहीत लिहून घेतली. नंतर बॅटरी व तिची अर्थची तार तपासली. जुन्या गाडीत सेन्सरचे आकडे खोटे येण्याचे ते एक कारण असते. मग त्याने स्कॅनर लावला. मात्र कोड पाहून तो काढला नाही. इंजिन सुरू ठेवून पडद्यावरचे चालू आकडे तो पाहत राहिला.

इथे त्याने जे दाखवले, ते माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या माणसालाही पटले. उभ्या गाडीत, आयडलिंगला, संगणक ठरल्यापेक्षा नऊ-दहा टक्के जास्त पेट्रोल ओतत होता. रस्त्यावर एका वेगाने धावताना हीच वाढ दोन-तीन टक्क्यांवर येत होती. मिस्त्री म्हणाला, "काका, पंप कमजोर असता तर उलट दिसले असते. जोर लागताना पेट्रोल कमी पडले असते. इथे उभ्या गाडीत कमी पडते आहे. म्हणजे कुठून तरी चोरवाटेने हवा आत येते आहे."

मी त्याचा अर्थ माझ्या भाषेत लावला. दुकानाच्या गल्ल्यातून रोज पन्नास रुपये गेले, तर मंदीच्या दिवशी, जेव्हा विक्रीच पाचशेची असते, तेव्हा ती तूट डोळ्यांत भरते. दिवाळीत विक्री पन्नास हजारांवर गेली की तेच पन्नास रुपये कुठे दिसत नाहीत. इंजिन उभ्या गाडीत फार थोडी हवा घेते, म्हणून न मोजलेली थोडी हवाही मोठा घोटाळा करते. धावताना हवेचा ओघ एवढा वाढतो की ती गळती त्यात लपून जाते. सकाळच्या थरथरीचाही उलगडा झाला. ऑक्सिजन सेन्सर तापल्यावाचून काम करीत नाही. त्यामुळे पहिली काही मिनिटे संगणकाला चूक सुधारता येत नाही आणि इंजिन उघडे पडते.

तरीही त्याने तर्कावर बिल फाडले नाही. पेट्रोलचा दाब गेजवर मोजला. तो सुमारे ३ बार, म्हणजे जेवढा हवा तेवढा निघाला. भाच्याने काढलेले जुने भाग डिकीत जपून ठेवले होते. मिस्त्रीने त्यातला हवा मोजणारा जुना सेन्सर घेतला, दोन स्क्रू काढून नव्याच्या जागी बसवला आणि आकडे पाहिले. आकडे जुळले. जुना सेन्सर निर्दोष होता. त्या क्षणी भाच्याचा चेहरा उतरला. १७,७०० रुपये कुठे गेले हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसले.

शेवटची परीक्षा धुराची. एका यंत्राने अगदी कमी दाबाचा पांढरा धूर इंजिनच्या हवेच्या मार्गात सोडला आणि सारे बोनेटखाली पाहत राहिलो. दोन-तीन मिनिटांनी इनटेक मॅनिफोल्डच्या खालून, जिथे हातही धड पोचत नाही, तिथून धुराची एक बारीक रेघ वर आली. तिथे इंजिनच्या पोटातली तेलकट वाफ पुन्हा जाळण्यासाठी वळवणारी रबरी नळी असते. वीस वर्षांच्या तेलाने व उष्णतेने ती भुसभुशीत होऊन तडकली होती. या वयात रबराने दम सोडणे, यात कोणाचाच दोष नाही. नळी आणि तिच्यासोबतची झडप बदलली. कोड पुसला. गाडी वीस किलोमीटर फिरवून आणली. उभ्या गाडीतली वाढ दोन टक्क्यांच्या आत आली.

ही सारी हकीकत ऐकून भाऊजी थोडे शांत झाले, पण पुरते पटले नव्हते. तेव्हा मी त्यांना त्यांच्याच मिलमध्ये नेले, म्हणजे शब्दांनी नेले. विचारले, "भाऊजी, भरडाईत अचानक कनकी वाढली तर तुम्ही काय करता? लगेच नवा पॉलिशर आणता का?" ते हसले. "छे! आधी धानाचा ओलावा बघायचा. धान जास्त वाळले असेल, दाण्याला आधीच चीर असेल, तर मशीन काय करणार? मग शेलरच्या रबर रोलमधले अंतर बघायचे. मग पॉलिशरचा दाब." मी म्हटले, "आणि हे बघणारा तुमचा जुना फिटर? त्याने अर्ध्या तासात केवळ अंतर नीट करून दिले, एकही भाग विकला नाही, तर त्याला तुम्ही काही देत नाही का?" भाऊजी काही बोलले नाहीत. त्या फिटरला ते वर्षभर पगार देतात, हंगाम नसतानाही देतात. मिल बंद पडल्यावर एका दिवसात किती नुकसान होते, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही.

आपण मालाचे पैसे निमूटपणे देतो, कारण माल हातात धरता येतो, तोलता येतो. नजरेचे व ज्ञानाचे पैसे देताना आपला हात अडखळतो. आणि मग मिस्त्री काय करतो? निदानाचे पैसे कोणी देत नाही हे कळल्यावर तो आपली कमाई मालात शोधतो. बदलण्याची गरज नसलेले भाग बदलले जातात ते बहुधा यामुळेच. साडेचार हजार वाचवण्याच्या नादात आपणच अठ्ठावन्न हजारांचा रस्ता तयार करतो.

हे मी उपदेश म्हणून लिहीत नाही. या बाबतीत माझाच हिशेब पूर्वी एकदा चुकला आहे आणि तो इथे सांगितल्यावाचून हे लिखाण प्रामाणिक होणार नाही. नोकरीत असताना, विदर्भातल्याच एका शाखेत, एक तरुण मिस्त्री माझ्याकडे अडीच लाखांचे कर्ज मागायला आला होता. त्याला परदेशी गाड्यांचा स्कॅनर आणि धूर-चाचणीचे यंत्र घ्यायचे होते. मी त्याचे कागद पाहिले. साठा नाही, येणे नाही, जागा भाड्याची. उत्पन्नात सुट्या भागांची विक्री जवळजवळ नव्हती. बहुतेक रक्कम 'तपासणी' या नावाखाली जमा होती. मी त्याला विचारले, "तुम्ही विकता काय?" तो म्हणाला, "साहेब, मी दोष शोधून देतो." मी फाइलवर शेरा मारला : पुरेसे तारण नाही. नियमाप्रमाणे तो शेरा बरोबरच होता. परंतु त्याच्या चार ग्राहकांना भेटून मी चौकशी करू शकलो असतो आणि ती मी केली नाही. त्याच्याजवळची मालमत्ता त्याच्या डोक्यात व कानांत होती. माझ्या तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता. काही महिन्यांनी त्याने गॅरेज बंद केले आणि नोकरीसाठी तो बाहेरगावी गेला, एवढे कानावर आले. नागपुरात त्या धुराच्या रेघेकडे पाहताना मला तो तरुण आठवला. त्याच्या खात्याचे निदान मीही कोड वाचूनच केले होते.

२०१५ पासून मुद्रा योजनेत लहान उद्योगांना तारणाशिवाय कर्ज मिळू शकते, ही समाधानाची गोष्ट. स्वतंत्र गॅरेजांपुढची दुसरी अडचण होती ती माहितीची. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार-उत्पादकांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग आणि निदानाची साधने ते स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना सहज मिळू देत नाहीत, असा आयोगाचा निष्कर्ष होता. प्रकरण पुढे वरच्या पायऱ्यांवर गेले, पण आपली गाडी कोणाकडून दुरुस्त करावी हे ठरवण्याचा हक्क ग्राहकाचा आहे, हा विचार तेव्हापासून रुजला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले, त्यामागेही हाच विचार आहे. हक्क मिळाला, तरी स्वतंत्र गॅरेज टिकायचे असेल तर त्याच्या विद्येला ग्राहकाने दाम मोजला पाहिजे.

ज्यांच्या घरी अशी जुनी, हौसेची गाडी आहे, त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी. गॅरेजात जाताना लक्षण सांगावे, उपाय सांगू नये. "सेन्सर बदला" म्हटले की सेन्सरच बदलला जातो. निदानाचे शुल्क किती आणि त्यात कोणत्या चाचण्या होतील, हे आधीच कागदावर ठरवावे. मग नंतर कटुता येत नाही. बदललेला प्रत्येक जुना भाग परत मागून घ्यावा. आणि गाडीची एक खातेवही ठेवावी : तारीख, किलोमीटर, काम, रक्कम. जुनी गाडी विकत घेताना ही वही मागावी. वही नसेल तर ती उणीव किमतीत धरावी.

भाच्याला अशी वही मिळालेली नव्हती. म्हणूनच किल्ली देताना मिस्त्रीने आणखी एक गोष्ट सांगितली होती : टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद नाही. या इंजिनात तो पट्टा तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात आणि मग खर्च लाखांत जातो. पट्टा किलोमीटरनेच नव्हे, वयानेही म्हातारा होतो. "सस्पेन्शनचा आवाज सहा महिने थांबेल, पट्टा थांबणार नाही," असे त्याने सांगितले. भाऊजींना आधी त्यात नवा खर्च काढण्याची युक्ती दिसली होती. मी म्हटले, "काय थांबू शकते हेही ज्याने सांगितले, त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही."

भाऊजींनी बिलाची घडी पुन्हा खिशात ठेवली. सोमवारी सकाळी भाच्याचा फोन आला, "मामा, पप्पांनी पूर्ण पैसे पाठवले. पट्ट्याचे कामही त्याच्याकडेच सांगितले आहे."

तो पट्टा त्याच आठवड्यात बदलला गेला. उतरवलेला जुना पट्टा भाच्याने मला दाखवायला मुर्रीला आणला होता. दातांच्या मुळाशी नखाएवढ्या लांबीच्या तीन चिरा होत्या.